आधी तीन, मग दोन

कळमन्याच्या संत्रा बाजारात
ओट्याच्या वर, पत्र्याखाली, मी लावून दिलेला फलक.
पहिल्याच दिवशी त्यावर महिन्याची उलाढाल आली
एका दमात:
१४८२३६५०

डोमाजी चकोले मापारी खाली उभे,
टोपी मागं सारून, डोळे बारीक.
"हे काय लिवलं मॅडम? कोनाचा फोन नंबर हाय?"

हमाल हसले. मीही हसले, मग हसू ओसरलं.

परसोडीत परत आले तेव्हा ऑफिसात फक्त अल्ताफ,
आणि मार्चातच लावलेला कूलर.
तयार फंक्शन होतं, एका ओळीचं,
कुणीतरी कुठल्यातरी थंड गावात लिहिलेलं.
त्यात आकडा घातला, आकडा बाहेर आला
बूट घालून, कवायत करत:
१४,८२३,६५०

"छान दिसून राहिलं बे," अल्ताफ म्हणाला,
"डीफॉल्ट राहू दे, घरी जा."
मी घरी गेले.

सकाळी डोमाजींनी वाचलं.
चौदा, म्हणाले, आणि थांबले.
आठशे तेवीस, म्हणाले, आणि माझ्याकडे पाहिलं.
"चौदा काय? कोन्या घरातले चौदा?"
दशलक्ष, मी म्हणाले, आणि माझ्याच तोंडात
तो शब्द चौथीच्या पुस्तकासारखा वाजला.
"मंग तसं बोला ना. कॉमा टाकला त
कॉमापाशी नाव सापडाले पायजे."

फलकापर्यंत हात पोचेना,
म्हणून माझ्या मोबाइलच्या काचेवर
उजव्या टोकाकडून त्यांनी बोटं टेकवली.
आधी तीन.
मग दोन.
मग दोन.
उरला एक, अंगठ्याखाली.
"कोटी," ते म्हणाले, अंगठा न उचलता.
हात काढला तर काचेवर
संत्र्याच्या सालीच्या तेलाचे ठसे,
मधल्या फटी कोरड्या.
स्वल्पविराम तिथेच होते, नुसते पुसायचे नव्हते.

दुपारी ओट्यावरच बसून लिहिलं:
आकडा उलटा कर,
पहिले तीन सोड, पुढं दोन-दोन तोड,
सगळं जोडून पुन्हा सुलट.
इतकंच. शाळेत एकं दहं शतं म्हणताना
माझं बोट असंच मागं मागं जायचं
आणि बाई म्हणायच्या, वाच डावीकडून, मोज उजवीकडून.
मला ते तेव्हा विसंगत वाटलं होतं.

मग चाचण्या.
नऊशे नव्व्याण्णव: काही नको, बरोबर.
पैसे दशांशचिन्हापलीकडे, त्यांना हात लावायचा नाही.
घट लिहून पाहिली, तर आलं
-,१२,३४५
उण्याच्या काठीला टेकलेला एक स्वल्पविराम,
दारातच अडलेल्या पाहुण्यासारखा.
त्याला घालवायला पाऊण तास गेला.
तेवढ्यात कोपऱ्यावरचा पोहेवाला तर्री संपवून निघून गेला,
हा खर्च कुठल्याच फलकावर आला नाही.

शून्यही तपासलं. आम्ही शून्यापासूनच मोजतो,
पहिलं घर शून्याचं, सवयच तशी.
रोज झिरो माइलवरून स्कूटी नेते,
दगडाकडे कधी बघत नाही.

संध्याकाळी फलक पुन्हा पेटला:
१,४८,२३,६५०
डोमाजींनी वाचला, न अडखळता, चालता चालता,
जसं कुणी ओळखीच्या गल्लीतून जातं.
शाबास वगैरे काही नाही.
"आता दम घ्यायले जागा झाली," एवढंच,
आणि ढिगापाशी उकिडवे बसले.

शेवटची चाचणी उरली होती, सगळ्यात लहान.
मी फलकावर पाठवला: १
ना स्वल्पविराम, ना बाजूला कुणी,
एवढ्या काळ्या पाटीवर एकटा उजेड.

त्याच क्षणी खाली डोमाजींनी पहिली फाडी उचलली,
मोजणी सुरू करताना ते कधीच एक म्हणत नाहीत.

"लाभ," ते म्हणाले.